गाळलेल्या पेट्रोलची वरात

लोकांची वाहनं पेट्रोल संपल्यामुळे थांबतात. माझी वरात पेट्रोल जास्त झाल्यामुळे थांबली, आणि तीही गोदावरीच्या मधोमध.

ही हकीकत आता सांगायचं कारण माझी बायको. चंद्रकला गेली त्याला अजून महिना झालेला नाही. दुपारी बैठकीला माणसं येतात, सतरंजीवर बसतात आणि मग ठरलेलं वाक्य बोलतात, "फार शांत बाई होत्या हो. फार सोशीक." पहिले काही दिवस मी मान हलवली. आता मान दुखते. ती शांत नव्हती. सोशीक तर एका दिवसापुरतीसुद्धा नव्हती. धाकटी लेक म्हणते, "बापूजी, दुखवट्याच्या घरात असलं काही सांगू नका." मी सांगणार! ज्यांना शांत आणि सोशीक बाईसाठी रडायचं असेल त्यांनी दुसऱ्या घरी बैठकीला जावं.

सुरुवात काकासांपासून करावी लागेल. काकासा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. जुन्या जालन्यात आमची धान्याची पेढी होती. ज्वारीचा दाणा नुसता दातात धरून तो कुठल्या शिवारातला हे काकासा सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दातात धरली की समजते, असा त्यांचा समज झाला होता.

निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. कुण्या एका जहागीरदाराचं सामान लिलावात निघालं. काकासा दुकानासाठी मोठा वजनकाटा आणायला गेले आणि टांग्यातून एक मोटर घेऊन आले. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची छोटी मोटर. वर डोकं, डोक्याला चिकटून पेट्रोलची टाकी, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि जीव खाऊन ओढायची.

"काकासा, वजनकाटा?" मी विचारलं.

"वजनकाटा काय, कोन्हाकडं बी असतो," काकासा म्हणाले. "ही हाय का कोन्हाकडं सगळ्या जालन्यात?"

"पण चालवायची कुठं?"

"गोदावरीवर! खरेदीला पल्याड जायचं तर नाव भरेपर्यंत भोई जागचा हालत न्हाई. निम्मा दिवस घाटावरच जातो. आता आपली नाव, आपली मोटर. पान चघळून व्हायच्या आत पल्याड!"

मोटरीसोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. मी हैदराबादेत शिकून आलेला, आणि पुस्तक दिसलं की लगेच त्यात डोकं खुपसणारा. दोन दिवसांत मला मोटरीच्या प्रत्येक भागाचं नाव सांगता येऊ लागलं. काकासांनी गल्लीभर जाहीर केलं, "सुगन मोटरीचा पक्का जाणकार झाला!" (माझ्या हातानं तोवर फिरलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे दौतीचं झाकण.)

मोटर उंबऱ्याच्या आत यायची होती, तेवढ्यात भुवासा दारात उभी राहिली.

भुवासा म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं. हे साधं काम नव्हे. आमच्या जैन घरात गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब कुणाच्या ओठाला लागत नसे. जाड दुपदरी फडक्यातून पाणी गाळायचं. मग फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून फडकं उलटं करून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ते धुऊन सोडायचं. याला जिवाणी म्हणतात. भुवासाच्या जिवाणीत कधी खंड पडला नाही.

"कोन्हाची मोटर ही?" तिनं विचारलं.

"जहागीरदाराची."

"काय करायचा तो हिचं?"

काकासा व्यापारी असूनही वेळेवर खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "तलावावर बदकं मारायला जायचा," ते पुटपुटले.

भुवासा दारातून हलली नाही. शिकारीची मोटर घरात येणार नाही! संध्याकाळपर्यंत मोटर ओट्यावर आणि काकासा मोटरीजवळ. शेवटी तडजोड भुवासानंच काढली.

"पाप केलंय तिनं. पण तिला काय कळतंय बिचारीला? आजपासून तिनं गाळलेलंच प्यायचं."

"बाई, ती पाणी पीत न्हाई. पेट्रोल पिते."

"मंग पेट्रोल गाळते मी."

"पेट्रोलात जीव कुठून येतील, बाई?"

"माशी पडली तर? मुंगी गेली तर? तू बघाया बसणार हाय का डब्यापाशी?"

मी उत्साहानं पुस्तक उघडलं. "भुवासा, यातही लिहिलंय. पेट्रोल नेहमी गाळून घ्यावं!"

"बघ!" भुवासाचा चेहरा उजळला. "गोरे लोकं बी गाळूनच वापरतात."

"पण तारेच्या बारीक जाळीतून गाळा म्हणतायत."

"जाळीतून मुंगी जाते. कापडच बराबर." गोऱ्यांचं ज्ञान तिनं तिथंच दुरुस्त केलं.

त्याप्रमाणे मोटर गाळलेलं पेट्रोल पिऊ लागली. फडकं वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. पहिली परीक्षा परसातल्या हौदात घेतली. मोटर अशी काही फिरली, की हौदातलं पाणी उडून गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांपर्यंत पोचलं! टाकीतलं पेट्रोल संपलं तेव्हाच ती थांबली. काकासा नखशिखांत भिजले होते आणि हसत होते. "पक्की चीज!"

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगी गोदावरीच्या पलीकडच्या गावातली. मी तिला पाहिलं नव्हतं, तिनं मला पाहिलं नव्हतं, आणि त्या काळात यात कुणाला काही कमी वाटत नसे. मुहूर्त सूर्यास्ताच्या वेळेचा, धनुर्मासाआधीचा शेवटचा. मुलीचे आजोबा, म्हणजे दादोसा, कडक माणूस. त्यांनी निरोप धाडला, "नदी आडवी हाय. वरात एक दिवस आधी आणा. मुहूर्त टळला तर सोयरीक बी टळली समजा."

शहाण्या माणसानं एक दिवस आधी वरात नेली असती. काकासांनी उलटा निरोप धाडला, "नदीची फिकर करू नका. नवरदेव मोटरीतून येऊन राह्यला."

वरात आष्टीपर्यंत बसनं आणि तिथून बैलगाड्यांनी घाटावर पोचली. पाव्हणेमंडळी भोयांच्या नावांतून आधीच पार गेली. काकासांनी मला मुद्दाम मागं ठेवलं. सगळे काठावर उभे राहून बघतायत आणि नवरदेव फटफटत येतोय, हा देखावा त्यांना हवा होता. आमच्यात तेव्हा वरातीबरोबर बायका जात नसत. पण भुवासा आली. पेट्रोल गाळणारं दुसरं होतं कोण?

आणि लग्नाचं घर म्हणून, शुभकार्य म्हणून, तिनं गाळायचं फडकं नवंकोरं घेतलं होतं. हातानं कातलेल्या सुताचं, जाडजूड, एकदाही न धुतलेलं.

नाव म्हादबा भोयाची. मोटर तिच्या मागच्या फळीला बसवली. म्हादबा आपला लांब बांबू घेऊन चढायला लागला तेव्हा काकासांनी त्याला अडवलं.

"बांबू काठावर ठेव म्हादबा. मोटरीपुढं बांबूचं काय काम?"

म्हादबानं बांबूकडं पाहिलं, मोटरीकडं पाहिलं. "शेटजी, बांबू नावंतून उतरत न्हाई. तुमी म्हणता तर हात लावीत न्हाई त्याला. बसतो गुमान." आणि बांबू मांडीवर आडवा घेऊन तो नावेच्या पुढच्या टोकाला पाठमोरा बसला.

मी जरीचा अंगरखा घातला होता. डोक्यावर केशरी पगडी, कमरेला तलवार, हातात नारळ आणि काखेत मोटरीचं पुस्तक. काकासांनी दोरी ओढली. मोटर गरजली! घाटावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. पलीकडच्या काठावर दादोसांनी बोलावलेला बँड वाजायला लागला. काकासा मोटरीची मूठ धरून असे ताठ उभे होते, की जहागीरदारानंही सलाम केला असता.

नदीच्या मधोमध मोटर खोकली. पुन्हा खोकली. मग तिनं एक लांब उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

"काय झालं?" भुवासानं विचारलं.

"काई न्हाई. दम घेऊन राह्यली," काकासा म्हणाले.

त्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मोटरीच्या पोटाखालून पेट्रोल टपटप गळायला लागलं. काकासांनी माझ्याकडं पाहिलं. "सुगन, काढ बुक!"

मी नारळ भुवासाकडं दिला आणि बिघाडाचं पान काढलं. "कार्बुरेटर ओसंडतोय!" मी विजयानं म्हणालो. नाव कळलं की अर्धी दुरुस्ती झाली, असं मला त्या वयात प्रामाणिकपणे वाटायचं.

कार्बुरेटर ही काही भयंकर वस्तू नाही. टाकीतलं पेट्रोल एका वाटीत येतं. वाटीत एक पोकळ पितळी डबी तरंगते. वाटी भरली की डबी वर येते, आणि तिच्यावरची सुई भोकात जाऊन बसते. पेट्रोल बंद. सुई नीट बसली नाही की पेट्रोल येतच राहतं, वाटी ओसंडते आणि मोटरीला ठसका लागतो. हे सगळं मी नावेत उभा राहून काकासांना समजावून सांगितलं.

"बराबर," काकासा म्हणाले. "आता चालू कर."

"आधी पेट्रोलची कळ बंद करा. प्लग काढून पुसा. मग दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवून द्या."

काकासांनी प्लग काढला आणि माझ्याच शेल्याला पुसला. मोटर सुरू झाली! आम्ही जरा पुढं गेलो. पुन्हा खोकला, पुन्हा उसासा, पुन्हा टपटप.

"पेट्रोलच अशुद्ध हाय," भुवासा ठामपणे म्हणाली. "बाजाराच्या पंपावरचं. आणा इकडं, पुन्हा गाळते."

टाकी तपेलीत रिकामी केली. भुवासानं नवं फडकं दुपदरी धरून पेट्रोल गाळलं, टाकीत भरलं, आणि फडकं उलटं करून जिवाणी सोबत आणलेल्या पेट्रोलच्या डब्यात सोडली. मोटर सुरू झाली, आधीपेक्षा कमी चालली आणि आधीपेक्षा जास्त गळली.

"चौपदरी करते," भुवासा म्हणाली.

चौपदरी गाळलं. मोटर नुसती शिंकली.

एव्हाना नाव प्रवाहाबरोबर खाली सरकायला लागली होती. घाट मागं पडला. पलीकडच्या काठावर दादोसांनी हात हलवून काहीतरी खूण केली आणि बँड आमच्या बरोबरीनं काठाकाठानं चालायला लागला! बँडच्या मागं पाव्हणे, पाव्हण्यांच्या मागं पंचारतीचं ताट घेतलेल्या नवरीकडच्या बायका. नवरदेव नदीतून वाहतोय आणि त्याचं स्वागत काठावरून त्याच्यामागं धावतंय, असं लग्न मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. बाभळी लागल्या की सूर थांबायचा, बाभळी संपल्या की पुन्हा सुरू व्हायचा.

सूर्य कलला होता. सूर्यास्तानंतर आमच्यात जेवण बंद. तेव्हा काठावरून धावणाऱ्या पाव्हण्यांची एक नजर माझ्यावर होती आणि एक सूर्यावर. दोघांपैकी कुणाचीही त्यांना खात्री वाटत नव्हती.

मी म्हादबाच्या जवळ सरकलो. "म्हादबा, लाव ना बांबू."

"शेटजींनी म्हणावं. म्हणाले की लावतो."

"काकासा, म्हणा ना."

"मी न्हाई म्हणणार!" काकासांनी दोरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. "सगळा गाव बघून राह्यला. मोटरीतून येतो म्हणालो, मोटरीतूनच येणार."

"मंग मी बी न्हाई लावणार," म्हादबा म्हणाला.

"अरे पण माझं लग्न आहे!"

"तुमी नवरदेव. नवरदेवानं मधी बोलू न्हाई," म्हादबानं मला समज दिली. मग बंडीतून विडी काढली, तोंडात धरली आणि काडी ओढायला लागला.

"विडी नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. नावेच्या तळाशी पेट्रोलचा थर तरंगत होता.

"बांबू लावायचा न्हाई, विडी वढायची न्हाई," म्हादबा विडी कानावर अडकवत म्हणाला. "मंग मला आणलं कशाला?"

काकासांनी पुन्हा दोरी गुंडाळायला घेतली.

शेवटी मी पगडी काढून ठेवली, अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि ठरवलं की वाटी उघडायची. पुस्तकात चित्र होतं. चित्रात वाटी खालून धरलेला एक गोरा हात होता, स्वच्छ, कोरडा. मी माझ्या हातानं तसाच पवित्रा घेतला, स्क्रू सैल केला, आणि वाटीतलं सगळं पेट्रोल माझ्या मांडीवर. पेट्रोलची कळ बंद करायला मी विसरलो होतो, त्यामुळे मागून टाकीतलंही आलं. जर, किनखाप, शेला, सगळं न्हाऊन निघालं!

पण सुई हातात आली. मी ती उजेडात धरली. तिच्या टोकाला एक पांढरा धागा गुंडाळलेला होता. वाटीत बघितलं, तिथं पांढरा पुंजका साचलेला. बोटानं उचलून पाहिलं. कापूस! नव्याकोऱ्या फडक्याची लव.

सगळं एका क्षणात उलगडलं. जितकं गाळावं तितकी लव, जितकी लव तितकी सुई उघडी, जितकी सुई उघडी तितकं पेट्रोल, आणि तरीही राहिलेली लव जिवाणी म्हणून परत डब्यात!

"भुवासा," मी म्हणालो, "दोष फडक्याचा आहे."

काकासांनी दोरी खाली ठेवली. म्हादबासुद्धा वळून बसला.

"माझ्या फडक्याचा?" भुवासा म्हणाली. "साऱ्या घराला ज्यानं पाणी पाजलं त्याचा?"

"ते जुनं होतं. हे नवं आहे. याचे धागे सुटतायत."

"धागे पेट्रोलात आधीपासून असतील. म्हणून तर गाळते मी!"

यावर हैदराबादचं शिक्षण थकलं. मी सुई पुसली, वाटी पुसली, डबी पुसली, सगळं जागेवर बसवलं. डबा बराच वेळ हलला नव्हता, तेव्हा लव तळाशी बसली असेल असं धरून मी वरवरचं पेट्रोल अलगद टाकीत ओतायला घेतलं. भुवासानं फडकं पुढं केलं. आणि जन्मात पहिल्यांदा मी तिचा हात बाजूला सारला.

"आता गाळायचं नाही!"

"न गाळलेलं?" तिचा आवाज चिरका झाला. "तुझ्या लग्नाच्या दिवशी? मी तुझ्या लग्नात जेवणार न्हाई!"

"भुवासा, असंच चाललं तर कुणीच जेवणार नाही. सूर्य बघा!"

तिनं सूर्य बघितला. मग पदर डोक्यावर ओढून तिनं तोंड फिरवलं. परवानगी मिळाली असं समजून काकासांनी दोरी ओढली.

मोटर अशी सुरू झाली, जणू इतका वेळ सगळा जोर तिनं साठवूनच ठेवला होता. नावेचं नाक वर उठलं. म्हादबा बांबूसकट मागं कलंडला. काठावरच्या बँडनं आनंदानं दुप्पट चाल धरली. काकासा ओरडत होते, "पक्की चीज! म्हणालो न्हवतो?" काठ जवळ येत होता. फार जवळ येत होता.

"काकासा, आता थांबवा!"

"तू थांबव! तू जाणकार!"

पेट्रोलची कळ बंद केली तरी वाटीतलं संपेपर्यंत ती धावणारच होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मोटर झटक्यात थांबवायची कशी हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ते शिकायची वेळच कधी आली नव्हती. ती आपली आपणच थांबायची! पुस्तकात ते प्रकरण होतं, पण मी अजून तिथवर पोचलो नव्हतो.

नाव काठावर चढली. नुसती टेकली असं नाही, चढली. मोठा ढोल एका बाजूला, ढोलवाला दुसऱ्या बाजूला, आणि मी सरळ पुढं, दादोसांच्या पायाशी, चिखलात साष्टांग. सगळ्यांना वाटलं नवरदेव फार संस्कारी आहे.

"शेटजी," मागून म्हादबाचा आवाज आला, "घाट वर ऱ्हायला. पाऊण कोस चालावं लागंल."

आम्ही धावतच मांडवात पोचलो. सूर्य अजून होता. दादोसा हातात घड्याळ धरून उभे होते. लग्न लावणारे जोशी महाराज पुढं आले, माझ्याजवळ आले, थांबले, आणि नाकाला उपरणं लावून मागं सरकले.

"वास कशाचा?"

"पेट्रोलचा," काकासा अभिमानानं म्हणाले.

जोशी महाराज पांढरे पडले. "हा नवरदेव मी अग्नीपाशी बसवणार न्हाई! एक ठिणगी उडाली तर लग्नाच्या जागी दुसराच विधी करावा लागंल."

धावपळ उडाली. मला विहिरीवर नेलं. बेसन लावून घासलं, राखेनं घासलं, लिंबानं घासलं. सासऱ्यांचं धोतर नेसवलं. (सासरे माझ्या दुप्पट होते. धोतराचा उरलेला भाग मी हातात धरला.) पुन्हा मांडवात आणलं. जोशी महाराजांनी लांबूनच हुंगलं आणि मान हलवली.

"केसात हाय. डोक्यात मुरलंय."

दादोसांनी घड्याळ बंद केलं. तो आवाज मला अजून आठवतो. "झालं तर मंग," ते म्हणाले. "मी निरोप दिल्ता. मुहूर्त टळला तर सोयरीक टळली. पाव्हण्यांना जेवायला बसवा. सूर्य हाय तवर जेवून घ्या, अन् आपापल्या गावी जा."

काकासांचं तोंड उघडं राहिलं. भुवासा माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी एवढी पुस्तकं वाचलेली! माझ्या तोंडून फक्त "अं" एवढंच आलं.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. खणखणीत.

"दादोसा, मुहूर्त टळला न्हाई. सूर्य अजून बाभळीवर हाय, मी खिडकीतून बघून राह्यले!"

अख्खा मांडव वळला. नवरी बोलली होती. लग्नाच्या आधी, आजोबांशी, सगळ्या गावासमोर! तिची आई आतून तिला ओढत असावी, कारण बांगड्यांचा आवाज आला आणि त्यानंतर आवाज आणखी वर चढला.

"नवरा येळेवर आला. त्याचा वास उशिरा जाईल, त्याला मी काय करू?"

"अगं पण अग्नी..." जोशी महाराज म्हणाले.

"अग्नी लांब पेटवा. फेरे मोठे घ्या!"

मग कुठंतरी पाठीमागं म्हादबा भोई हसला, मग ढोलवाला हसला, आणि मग सगळा मांडव. दादोसांनी जोशी महाराजांकडं पाहिलं. "शास्तरात फेऱ्याचं माप हाय का?"

जोशी महाराजांनी विचार केला. "माप असं न्हाई सांगितलेलं."

अशा रीतीनं माझ्या लग्नाचा होम अंगणाच्या मधोमध पेटला आणि आम्ही फेरे अंगणाच्या कडेकडेनं घेतले. एका फेऱ्यात विहीर आली, गोठा आला, कडब्याची गंजी आली, आचाऱ्यांच्या चुली आल्या. (चुलींपाशी आचाऱ्यांनी मला लांबून हाकललं.) जोशी महाराज मधे उभे राहून मंत्र ओरडत होते, कारण साध्या आवाजात ते आमच्यापर्यंत पोचत नव्हते. म्हशीनं मान वळवून वळवून आम्हाला पाहिलं. काकासा चालत्या पाव्हण्याला धरून सांगत होते, की एवढे मोठे फेरे जालन्यात कुणाचे झाले नाहीत. भुवासा जेवायला बसली होती. तिचं न जेवणं, ती म्हणाली, पेट्रोलपुरतं होतं.

आमच्या रीतीप्रमाणं आधीच्या फेऱ्यांत नवरी पुढं असते आणि शेवटच्या फेऱ्यात नवऱ्यानं पुढं व्हायचं असतं. तिथून पुढं जन्मभर त्यानंच वाट दाखवायची, असा त्याचा अर्थ. शेवटचा फेरा आला. जोशी महाराज ओरडले, "नवरदेव पुढं!" मी पुढं व्हायला गेलो, सासऱ्यांचं धोतर पायात आलं आणि गोठ्याच्या वळणावर मी एका गुडघ्यावर बसलो. गाठ मारलेलं उपरणं ताणलं गेलं. तिनं मागं वळून एकदा पाहिलं, घुंगटातून. ते आमचं पहिलं बघणं. मग उपरण्याला एक हिसका देऊन मला उभं केलं आणि ती चालायला लागली. पुढंच! थांबली नाही, माझी वाट पाहिली नाही, जोशी महाराजांकडं लक्ष दिलं नाही.

अशी होती माझी शांत आणि सोशीक बायको.

"नवरदेव पुढं! नवरदेव पुढं!" सगळा मांडव ओरडत होता, आणि मी धोतर सावरत मागून म्हणत होतो, "आलो, आलो." तेच मी पुढं सगळा संसार म्हणत राहिलो, आणि आजही तेच म्हणतोय. माझा वेग तिला माहीत आहे, म्हणून ती मागं वळून बघत नसावी.